तापले की तापवले?

दिवाळी अंकातला टीकालेख म्हटला की वाचक एखाद्या कादंबरीची, कवितासंग्रहाची किंवा फार तर नाटकाची अपेक्षा करतो. कथा वाचून झाल्या, व्यंगचित्रे पाहून झाली, राशिभविष्य घरातल्या प्रत्येकाने आपापल्या सोयीने खरे ठरवून झाले, की डब्यातल्या उरल्यासुरल्या चकलीबरोबर टीकेकडे वळायचे, अशी आपली जुनी रीत. त्या वाचकापुढे आज मी जे लेखन ठेवणार आहे त्याला वाङ्मय म्हणावे की नाही, इथपासूनच मतभेद होतील. हे लेखन आहे करारनाम्यांचे, अहवालांचे आणि ठरावांचे. पृथ्वीचे तापमान वाढत आहे, आणि त्या तापत्या पृथ्वीवर गरीब देशांनी आपला विकास कसा साधावा, ह्याविषयी गेल्या पन्नासएक वर्षांत जे अपार लिहिले गेले ते.

ह्या लेखनाला एक लेखक नाही, नायक नाही, आणि वाचक तर जवळजवळ नाहीच. परंतु त्यातल्या एका क्रियापदाच्या अर्थावर राष्ट्रांची शिष्टमंडळे रात्र रात्र जागतात. आपल्या कवींपैकी किती जणांच्या एका शब्दासाठी एवढे जागरण होते? म्हणजे निदान शब्दांची किंमत ह्या मंडळींना ठाऊक आहे. आणि जिथे शब्दांची किंमत आहे तिथे टीकाकाराला प्रवेश नाकारण्याचे कारण नाही.

माझ्या हातातले माप साधे आहे, शाळेतल्या व्याकरणाचे. मराठीत काही क्रियापदांना कर्ता लागत नाही. उजाडले, सांजावले, ढगाळले. कोणी उजाडले, असा प्रश्न कोणी विचारीत नाही. ते आपोआप होते. ह्यांना आपण भावकर्तृक क्रियापदे म्हणतो. उलट तापणे आणि तापवणे ही जोडी पाहा. तवा तापला, असे आपण म्हणतो खरे, पण स्वयंपाकघरात कुठलाही तवा स्वतःहून तापत नाही. कोणीतरी शेगडी पेटवलेली असते, आणि ती कोणासाठी पेटवली होती हेही घरात सर्वांना माहीत असते. जागतिक तापमानवाढीच्या वाङ्मयाची माझी मुख्य तक्रार ही, की ते ‘तापवले’ हे क्रियापद ‘उजाडले’च्या चालीवर लिहिते. हवामान बदलले, तापमान वाढले, हानी झाली. सगळे आपले होत गेले! लेखनाचा खरेखोटेपणा ओळखण्याची एकच कसोटी मी इथे लावणार आहे: वाक्याचा कर्ता जागेवर आहे की गाळलेला आहे? आणि ही कसोटी परक्यांना लावून थांबण्याचा माझा विचार नाही.

आरंभ आपल्या मराठी शब्दापासूनच करू. ज्याला आपण आज ‘शाश्वत विकास’ म्हणतो तो शब्द सरकारी पत्रकांतून, शाळेच्या पुस्तकांतून आणि भाषणांतून इतका रुळला आहे की त्याचा अर्थ विचारणे उद्धटपणाचे वाटावे. शाश्वत हे विशेषण गीतेने आत्म्याला लावले आहे. जे जन्मत नाही, मरत नाही, झिजत नाही ते शाश्वत. विकास हा तर मुळात झिजवणारा व्यवहार: जमीन झिजते, कोळसा संपतो, विहीर आटते. त्याला शाश्वत म्हणणे म्हणजे मेणबत्तीला सूर्य म्हणण्यासारखे आहे. मूळ इंग्रजी शब्दाच्या पोटात लॅटिनमधला ‘खालून आधार देऊन धरणे’ हा अर्थ आहे. त्यासाठी आपल्याकडे दोन अस्सल क्रियापदे पडून आहेत: पेलणे आणि झेपणे. घरची बाई मुलाला सांगते, ‘झेपेल तेवढीच घागर उचल’. त्या एका वाक्यात विषयाचे निम्मे तत्त्वज्ञान आले. ‘टिकाऊ’ हा शब्दही सुचवला गेला, पण तो कापडदुकानाच्या गादीवरून उठायला तयार नाही. ‘झेपणारा विकास’ म्हटले की लगेच प्रश्न येतो, कोणाला झेपणारा? भार कोणाच्या खांद्यावर? ‘शाश्वत’ म्हटले की असा कोणताच प्रश्न येत नाही, हात आपोआप जोडले जातात. भाषांतरकाराने बापड्याने मुद्दाम केले नसेल; पण कर्ता गाळण्याचे काम आपल्याकडे असे मथळ्यापासूनच सुरू झाले.

ह्या शब्दाची जी व्याख्या जगभर पाठ केली जाते ती १९८७ सालच्या एका अहवालातली. नॉर्वेच्या पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलंड ह्यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने तो लिहिला. आजच्या पिढीच्या गरजा भागवाव्यात, पण पुढच्या पिढ्यांची त्यांच्या गरजा भागवण्याची ताकद खच्ची होऊ देऊ नये, असा तिचा आशय. कोणत्या आजोबांना हे पटणार नाही? पण मूळ मजकूर इथे थांबत नाही. त्याच दमात तो पुढे सांगतो की गरजा म्हणजे मुख्यतः जगातल्या गरिबांच्या मूलभूत गरजा, आणि त्यांना सर्वांत आधी स्थान दिले पाहिजे. व्याख्येचे हे दुसरे अंग उद्धृत करणारा वक्ता मला क्वचित भेटतो. पहिल्या अंगात नातवंडे आहेत, आणि नातवंडे सगळ्यांनाच असतात. दुसऱ्या अंगात गरीब आहेत. भाषणाच्या शेवटी टाळ्या कोणत्या अंगाला पडतात हे सांगायला नको. २०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी ह्याच कल्पनेची १७ ध्येये आणि १६९ लक्ष्ये केली. ती यादी वाचनीय आहे, वाण्याच्या यादीइतकीच. ‘उधारी कोणाच्या नावावर’ हा रकाना तिच्यात तेवढा शोधू नये.

असेच दुसरे एक वाक्य मोडतोड होऊन आपल्यापर्यंत आले आहे, आणि ते तर आपल्याच घरचे. जून १९७२ मध्ये स्टॉकहोमला पर्यावरणावरची पहिली मोठी जागतिक परिषद भरली. यजमान स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे सोडले तर तिथे आलेल्या एकमेव सरकारप्रमुख म्हणजे इंदिरा गांधी. त्या भाषणात त्यांनी विचारले की दारिद्र्य आणि गरज हीच सर्वांत मोठी प्रदूषके नव्हेत काय. विचारले, सांगितले नव्हे. खेड्यांत आणि झोपडपट्ट्यांत ज्यांचे जगणेच उगमापाशी गढूळ आहे, त्यांना समुद्र आणि नद्या स्वच्छ ठेवा म्हणून कोणत्या तोंडाने सांगावे, अशी त्या प्रश्नाची वेदना होती. आणि आजचे संपन्न देश दुसऱ्या वंशांवर आणि देशांवर सत्ता गाजवून, तसेच स्वतःच्या जनतेची आणि निसर्गाची पिळवणूक करून संपन्न झाले, हेही त्याच भाषणात आहे. म्हणजे कर्ता तिथे ठणठणीत उभा होता. पुढे काय झाले? प्रश्नचिन्ह गळाले. ‘दारिद्र्य हेच सर्वांत मोठे प्रदूषण’ असे सुभाषित तयार झाले, आणि ते दोन्ही बाजूंना सोयीचे निघाले. श्रीमंत देश त्याचा अर्थ असा करू लागले की पाहा, घाण गरीबच करतात. आणि आमचे कारखानदार असा की आधी चिमण्यांतून धूर निघू द्या, शुद्ध हवेचे मागाहून पाहू. एका विरामचिन्हाची चोरी एवढी किफायतशीर ठरल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

आता ज्या कृतीसाठी मी हा लेख मनात धरला तिच्याकडे वळतो. ती आहे १९९१ साली दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरनमेंट’ ह्या संस्थेने काढलेली एक छोटी इंग्रजी पुस्तिका. लेखक दोन: अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण. मथळ्याचे मराठी करायचे तर ‘विषम जगातली तापमानवाढ’ असे होईल. आणि उपमथळ्यात त्यांनी ‘पर्यावरणी वसाहतवाद’ हा शब्दप्रयोग वापरून आपला सूर पहिल्याच पानावर लावून ठेवला आहे. अग्रवाल शिक्षणाने इंजिनीअर, पेशाने पत्रकार. ह्या दोन्ही गोष्टी पुस्तिकेत दिसतात: आकडा हातातून सुटत नाही आणि वाक्य रेंगाळत नाही.

प्रसंग असा होता. वॉशिंग्टनच्या ‘वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट’ने १९९०-९१ च्या आपल्या अहवालात हवा तापवणाऱ्या देशांची एक क्रमवारी दिली. तीत अमेरिका आणि सोव्हिएत संघ ह्यांच्यापाठोपाठ ब्राझील, चीन आणि भारत असे तीन विकसनशील देश पहिल्या पाचांत बसले. जगाच्या वर्तमानपत्रांना बातमी मिळाली. पुस्तिकेने त्या क्रमवारीच्या मागची बेरीज-वजाबाकी उघडून दाखवली, आणि मराठीत म्हणायचे तर हिशेबनिसाची पगडी उडवली.

ती गोम समजून घेण्यासारखी आहे. माणसे जेवढा वायू हवेत सोडतात तेवढा सगळा हवेत राहात नाही. समुद्र आणि झाडे-माती त्यातला मोठा वाटा शोषून घेतात. तेव्हा प्रत्येक देशाच्या नावावर किती वायू मांडायचा हे ठरवताना निसर्गाची ही फुकट साफसफाई कोणाच्या खात्यात किती जमा धरायची, हा प्रश्न येतो. अमेरिकन संस्थेने ती ज्याच्या त्याच्या धुराच्या प्रमाणात वाटली. चाळीचा दृष्टान्त घ्या. चाळीला झाडूवाला एक. पहिल्या मजल्यावरचे एक बिऱ्हाड रोज दहा टोपल्या कचरा जिन्यात टाकते, वरची दहा बिऱ्हाडे मिळून पाच टोपल्या. आता झाडूवाल्याच्या श्रमाचा दोन तृतीयांश वाटा पहिल्या मजल्याचा हक्काचा, कारण त्यांचा कचराच तेवढा! हे गणित चाळीच्या सभेत कोणी मांडले असते तर त्याला जिन्यावरून कोणत्या वेगाने खाली यावे लागले असते, ह्याची कल्पना वाचकाने करावी. अग्रवाल आणि नारायण ह्यांनी एवढेच म्हटले की समुद्र आणि आकाश कोणाच्या बापाचे नाही. त्यांची शोषून घेण्याची ताकद माणशी सारखी वाटा. तशी वाटणी करताच चित्र पालटले. भारताचा धूर त्याच्या लोकसंख्येच्या हिश्शापेक्षा पुष्कळच कमी भरला आणि क्रमवारीतला गुन्हेगार सावकार ठरला.

पुस्तिकेचे दुसरे कर्तृत्व शुद्ध वाङ्मयीन आहे. बंगालातल्या किंवा थायलंडातल्या भाताच्या खाचरातून आणि नांगराच्या बैलाच्या पोटातून निघणारा मिथेन, आणि युरोप-अमेरिकेतल्या पेट्रोल पिणाऱ्या मोटारीतून निघणारा वायू, हे दोन्ही एकाच तागडीत घालता येतील का, असा सवाल ती करते. एक धूर जगण्याचा, दुसरा चैनीचा. रसायनशास्त्राच्या दृष्टीने रेणू तो रेणू, त्याला हेतू नसतो. शास्त्रज्ञ ह्या भेदावर नाक मुरडतात आणि त्यांच्या जागी ते योग्यच आहे. पण धोरण म्हणजे रसायनशास्त्र नव्हे. न्यायाधीशाला हेतू पाहावा लागतो. भुकेसाठी चोरलेली भाकरी आणि हौसेसाठी चोरलेला हार ह्यांत वजनकाट्याला फरक दिसणार नाही, म्हणून काय फरक नसतो? त्या काळातले बाकीचे सगळे लेखन ‘उत्सर्जन होते’ अशा निवृत्तिमार्गी भाषेत चालले असताना ह्या पुस्तिकेने भातखाचरातल्या शेतकऱ्याला आणि मोटारीतल्या गृहस्थाला समोरासमोर आणून बसवले. कर्ता परत आला. लेखन म्हणून मी तिला फार वर मानतो.

आणि तरीही ती निर्दोष नाही. तिचा स्वर अधूनमधून वकिली होतो, हा दोष लहान. मोठा दोष असा की तिचे माप आहे माणूस, पण निकाल ती देते राष्ट्राच्या नावाने. चैनीच्या मोटारींचा उल्लेख करताना ती ‘तिसऱ्या जगातल्या असल्या तरी’ अशी पुस्ती जोडते, ह्याचा अर्थ लेखकांना अडचण दिसली होती. पण त्या पुस्तीचा विस्तार करायला त्या थांबल्या नाहीत. लढाईच्या धामधुमीत तो कोण करणार? परिणाम मात्र असा झाला, की माणशी वाट्याचे हे हत्यार दिल्लीच्या दरबारात जमा झाले आणि तिथे त्याची ढाल करण्यात आली. तिच्याकडे शेवटी यायचे आहे.

१९९२ साली रिओमध्ये हवामानाचा मूळ करार झाला. ‘सामाईक परंतु वेगवेगळी जबाबदारी’ हे त्याचे सूत्र. ह्या सूत्रातला मोलाचा शब्द ‘परंतु’. जबाबदारी सामाईक आहे म्हणायला सगळेच तयार असतात. ‘परंतु’नंतरचे ऐकायला थोडे. त्या कराराच्या परिशिष्टात श्रीमंत देशांची नावे होती, आणि १९९७ च्या क्योटो करारात तर प्रत्येक नावापुढे आकडा होता. कर्ता तळटीपेसारखा मागे ढकललेला का होईना, पण होता. अमेरिकेने क्योटोला संसदेची मान्यता दिलीच नाही, हा भाग वेगळा. २०१५ च्या पॅरिस करारात नावांची यादी गेली. ‘परंतु’ शिल्लक राहिला, पण त्याच्यापुढे ‘वेगवेगळ्या राष्ट्रीय परिस्थितीच्या प्रकाशात’ अशी शेपटी लागली. शिवाय शेवटच्या दिवशी एक गंमत घडली. श्रीमंत देश पुढाकार घेणे चालू ठेवतील, अशा अर्थाच्या वाक्यात बंधनकारक क्रियापद होते. अमेरिकेचा त्याला आक्षेप. तेव्हा ‘ठेवतील’चे ‘ठेवावे’ करण्यात आले, आणि ही दुरुस्ती मुद्रणदोषांच्या यादीत वाचून दाखवण्यात आली. आपल्या मुद्रितशोधकांनी आजवर काना-मात्रेच्या दुरुस्त्या पुष्कळ केल्या असतील. अब्जावधी डॉलरांचे बंधन उडवणारी दुरुस्ती त्यांच्या नशिबी कुठली!

२०२१ च्या ग्लासगो परिषदेत हाच खेळ आपण खेळलो आणि तेवढी बोलणी खाल्ली. कोळशावरची वीज ‘टप्प्याटप्प्याने बंद करणे’ ह्याऐवजी ‘टप्प्याटप्प्याने कमी करणे’ असा बदल आपल्या पर्यावरणमंत्र्यांनी सभेत मांडला. चीनचा त्याला पाठिंबा होता. परिषदेचे ब्रिटिश अध्यक्ष आलोक शर्मा ह्यांचा कंठ दाटून आला. दुसऱ्या दिवशी जगाच्या वृत्तपत्रांनी भारताला झोडपले. इथे मी आपल्या बाजूने थोडे बोलणार आहे. ‘कमी करणे’ हा शब्द त्या सभेच्या तीनच दिवस आधी अमेरिका आणि चीन ह्यांच्या संयुक्त निवेदनात येऊन गेला होता, तेव्हा कोणाचा कंठ दाटल्याचे ऐकिवात नाही. आणि मूळ वाक्यात कोळशाचे नाव होते, तेलाचे आणि नैसर्गिक वायूचे नव्हते. ज्याची चूल कोळशावर त्याचे नाव फळ्यावर, ज्याची तेलावर तो वर्गाबाहेर. पुढल्या वर्षी भारताने सगळ्याच खनिज इंधनांचे नाव घ्या असे सुचवले ते मान्य झाले नाही. २०२३ मध्ये दुबईला, यजमानच तेलाचे असताना, खनिज इंधनांपासून दूर जाण्याची भाषा एकदाची आली.

पैशांच्या प्रकरणाकडे मी धावती नजर टाकतो, कारण सणासुदीला कर्जाच्या गोष्टी फार वेळ बोलू नयेत. गरीब देशांना २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर मिळू लागतील, असे वचन २००९ मध्ये कोपनहेगनला दिले गेले. देणाऱ्यांच्याच हिशेबाने ते पुरे झाले २०२२ साली, आणि त्यातला मोठा भाग कर्जाच्या रूपाने. भाऊबीजेच्या ताटात भावाने कर्जरोखा ठेवावा आणि बहिणीने तो ओवाळणीत मोजावा, असा हा सोहळा. २०२४ मध्ये बाकूला नवा आकडा ठरला: २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज. मागणी होती १,३०० अब्जांची. तोही आकडा ठरावात आहे बरे का, पण तो उभा करण्यासाठी आवाहन केले आहे ‘सर्व कर्त्यांना’. व्याकरणाच्या विद्यार्थ्याने हा शब्द वहीत उतरवून ठेवावा. कर्ता गाळण्याच्या सगळ्या युक्त्या थकल्या की शेवटची युक्ती ही: सगळ्यांनाच कर्ता करून टाकणे.

इथवरचा मजकूर वाचून आपल्याला बरे वाटले असेल. परक्यांची लबाडी वाचताना फराळ अधिक गोड लागतो. आता तीच कसोटी घरच्या लेखनाला लावू.

ग्लासगोलाच नोव्हेंबर २०२१ मध्ये पंतप्रधानांनी भारताची पाच वचने जाहीर केली आणि त्यांना ‘पंचामृत’ असे नाव दिले. नाव मोठे कल्पक. पंचामृत तळहातावर घेतात, डोळे मिटतात आणि पितात. त्यात साखर किती आणि दूध किती हे विचारण्याची पद्धत नाही. तरी विचारू. २०३० पर्यंत देशाच्या ऊर्जेच्या गरजेपैकी निम्मी नवीकरणीय साधनांतून भागेल, असे भाषणात होते. ऑगस्ट २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांना जो कागद गेला त्यात ते वचन असे झाले: वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता खनिज इंधनांखेरीज इतर साधनांची असेल. ऊर्जेची वीज झाली, विजेची क्षमता झाली, आणि नवीकरणीयमध्ये अणुवीज सामावली. हे दुसरे वचन आपण मुदतीच्या पाच वर्षे आधी, २०२५ च्या मध्यालाच पुरे केले, आणि त्याचा अभिमान बाळगायला हरकत नाही. एवढी सौर आणि पवनऊर्जा उभी करणे हे सोपे काम नव्हे. पण क्षमता म्हणजे वीज नव्हे. रात्री सूर्य नसतो. २०२४ मध्ये प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेतली सत्तर टक्क्यांहून अधिक कोळशाची होती. ताटांची संख्या मोजून जेवणावळीचा हिशेब देणाऱ्याला आपण घरी काय म्हणतो?

पाचवे वचन २०७० सालचे: तोवर भारताचा निव्वळ धूर शून्य होईल. ह्या वाक्याचा कर्ता आज फुलबाजी धरण्याच्या वयाचा आहे. त्याची सही कोणी घेतलेली नाही.

पण ह्याहून मोठी गोष्ट त्या ढालीची. भारतीय माणूस वर्षाला सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड सोडतो, अमेरिकन माणूस १४ टनांच्या आसपास. हे खरेच आहे, आणि प्रत्येक परिषदेत आपण हे सांगतो ते सांगितलेच पाहिजे. मात्र ‘भारतीय माणूस’ हा सरासरीचा माणूस आहे. तो कोणाच्या शेजारी राहात नाही. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट. त्या कोळशाची राख आणि धूर चंद्रपूरकर खातो, देशातल्या अत्यंत तप्त गावांत त्याचा उन्हाळा जातो. त्याच्या वाट्याचा पंखा, आणि ज्या घरात प्रत्येक खोलीला वातानुकूलनाची सोय आहे ते मुंबई-पुण्यातले घर, हे दोन्ही मिळून तो २ टनांचा सभ्य, निरपराध भारतीय बनतो. ग्रीनपीस इंडियाने २००७ साली ह्यावर एक अहवाल काढला होता. त्याचे नावच ‘गरिबांच्या आड लपताना’ अशा अर्थाचे होते. अहवाल म्हणून तो काही थोर नाही, पण नाव अचूक आहे. १९९१ च्या पुस्तिकेने जो सवाल जगाला केला, जगण्याचा धूर कोणता आणि चैनीचा कोणता, तो घरात विचारायचा नाही असा आपल्या मध्यमवर्गाचा, म्हणजे तुमचा-माझा, मूक ठराव आहे.

आणि धुराचे एक वेळ सोडा. तापलेल्या जगात तग कसा धरावा ह्यासाठी जे केले जाते त्यालाही हेच दुखणे जडले आहे. मराठवाडा-विदर्भातल्या शेतकऱ्यांना ‘पोकरा’ हा शब्द चांगला परिचयाचा आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ पासून चाललेल्या हवामान-सक्षम शेतीच्या प्रकल्पाच्या इंग्रजी आद्याक्षरांपासून तो झाला. कागदोपत्री नाव नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. परिषदांच्या वाङ्मयातून निघून मराठीच्या शिवारात पोचलेला बहुधा हा पहिला शब्द, आणि लोकांनी तो गिळून पचवला ह्याचे मला कौतुक वाटते. ह्या प्रकल्पातून, आणि त्याआधी २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ ह्या योजनेतून, गावोगाव शेततळी झाली. कल्पना अशी की पावसाचे वाहून जाणारे पाणी तळ्यात धरावे आणि दोन पावसांतला खंड निभावून न्यावा. कल्पनेत दोष नाही. पण पुष्कळ ठिकाणी झाले ते असे: तळ्याला प्लॅस्टिकचे अस्तर लावले, आणि ते भरले विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्याने. जमिनीच्या पोटातले पाणी, जे खालून सगळ्या शिवाराचे होते, ते वर येऊन एका गटनंबराचे झाले. आणि उन्हात उघडे पडून त्यातले काही वाफ होऊन गेले. डाळिंबाची बाग वाचली. शेजारच्या विहिरीचा तळ दिसू लागला. बागवाल्याला मी दोष देत नाही. त्याच्या डोक्यावर कर्ज आहे, पाऊस बेभरवशाचा आहे, आणि योजनेच्या नावातच ‘मागेल त्याला’ म्हटले आहे. तळे कोणाला मिळेल हे त्या नावात आहे. पाणी कोणाचे, हे नाही. अहवालात ह्या साऱ्याला ‘अनुकूलन’ म्हणतात.

हे पाणी सामाईक आहे, तर माणशी सारखे वाटा, असे महाराष्ट्रात कोणी म्हटलेच नव्हते असे मात्र नाही. ज्या १९७२ साली स्टॉकहोमला परिषद भरली त्याच साली महाराष्ट्रात दुष्काळ पडला. त्या दुष्काळात पुण्याचे एक इंजिनीअर-उद्योजक, विलासराव साळुंखे, पुरंदर तालुक्यात गेले आणि नायगावला एका देवस्थानाची उजाड जमीन खंडाने घेऊन तिच्यावर माती-पाणी अडवण्याचे प्रयोग करीत बसले. त्यातून पुढे ‘पाणी पंचायत’ निघाली. तिचे नियम म्हणजे चार-पाच ओळींचा मजकूर. दिल्लीच्या पुस्तिकेच्या कितीतरी आधी त्यात माणशी वाट्याचे तत्त्व आहे. फरक इतकाच की तिथे माप माणूस आहे आणि निकालही माणसाच्याच नावाने आहे, राष्ट्राच्या नव्हे. सगळ्या योजना पुढे चालल्या असे नाही. साळुंखे २००२ साली गेले, त्याच वर्षी तिकडे दिल्लीत अनिल अग्रवालही गेले.

हवामानाच्या वाङ्मयाचा एखादा संग्रह मराठीत कधी निघाला तर त्यात त्या नियमांना जागा द्यावी, असे मी संपादकांना सुचवीन. भाषेचा डौल त्यांत मुळीच नाही. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, घरातल्या माणसांच्या प्रमाणात मिळेल: माणशी अर्ध्या एकराला पुरेल इतके, आणि घरात माणसे कितीही असोत, अडीच एकरांच्या वर नाही. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा वाटा आहे. खर्चाचा पाचवा हिस्सा पाणी घेणाऱ्यांनी स्वतः भरायचा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. ऊस लावायचा नाही.